पासवर्ड कुणाकडे आहे?

गेल्या वर्षी आमच्या संघटनेच्या वार्षिक बैठकीत हिशेब झाला, अहवालाचं वाचन झालं, आणि चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, ‘अगं, आपलं संकेतस्थळ उघडत का नाही?’ सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. संकेतस्थळ आठ वर्षांपूर्वी आमच्या एका हितचिंतक बाईंच्या मुलाने करून दिलं होतं. तो आता दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. पासवर्ड त्याच्याकडे, सर्व्हरवरच्या जागेचं भाडंही त्याच्याच कार्डावरून जायचं. कार्ड बदललं, भाडं थकलं, आणि मुदत संपल्यावर जागा देणाऱ्या कंपनीने सगळं पुसून टाकलं. मुलगा बिचारा सज्जन. फोन उचलला, माफी मागितली. पण मजकूर डेटाबेसमध्ये होता आणि त्याची प्रत ना त्याच्याकडे होती, ना आमच्याकडे. सत्यशोधनाचे अहवाल, शिबिरांच्या नोंदी, निवेदनं, यांतलं जेवढं कागदावर होतं तेवढंच वाचलं.

आपण वस्तीतल्या बाईला सांगतो, घराच्या उताऱ्यावर नाव लावून घे, पासबुक नवऱ्याकडे देऊ नकोस. आणि आपल्या संघटनेची आठ वर्षांची लेखी कमाई मात्र एका मुलाच्या कार्डावर उभी होती. यात त्या मुलाचा दोष मला दिसत नाही. ‘संगणकाचं काय ते तो बघेल’ असं आपणच म्हणत आलो. घरातली फ्यूज उडाली की दारात उभं राहून कुणा पुरुषाची वाट पाहावी, तसं.

म्हणून या वेळी ठरवलं, की जे आपल्या तिघी-चौघींना उघडून पाहता येईल, समजेल आणि दुरुस्त करता येईल तेच वापरायचं. शोधताना ‘ब्लॉसम’ नावाची जुनी आज्ञावली सापडली. रेल डॉर्नफेस्ट यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती पर्ल भाषेत लिहिली. अख्खी आज्ञावली एकाच फाइलमध्ये, काहीशे ओळींची. डेटाबेस नाहीच. एका फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइली ठेवायच्या, शेवटी ‘टीएक्सटी’ असलेल्या. फाइलची पहिली ओळ शीर्षक, उरलेला मजकूर म्हणजे लेख. फोल्डरच्या आत ‘कायदा’, ‘गावभेटी’, ‘गाणी’ असे फोल्डर केले की तेच विभाग होतात. कुणी पान उघडलं की आज्ञावली फाइली वाचते आणि नव्यापासून जुन्यापर्यंत ओळीने मांडून दाखवते. आपण कपाटात विषयवार फायली लावतो, त्यापेक्षा यात वेगळं काही नाही.

मांडणीही अवघड नाही, पण पहिल्या दिवशी रडवते. जागा भाड्याने घेताना तिथे पर्ल चालतं का ते आधी विचारावं. आज्ञावलीच्या फाइलमध्ये वरच्या काही ओळी आपल्या लिहायच्या: संकेतस्थळाचं नाव, दोन शब्द माहिती, भाषा, आणि लेखांचा फोल्डर कुठे आहे त्याचा पत्ता. मग ती फाइल ‘सीजीआय-बिन’ या फोल्डरमध्ये चढवून तिला चालण्याची परवानगी द्यायची; परवानगीचा आकडा ७५५. एवढं करूनही आमच्याकडे ‘५००’ची चूक येत राहिली. दोन दिवस आम्ही स्वतःलाच बोल लावले. शेवटी कळलं, की विंडोजवर फाइल जतन केल्याने प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा चिन्ह बसलं होतं, आणि त्यामुळे सर्व्हरला पर्लचा पत्ताच लागत नव्हता. ओळींचे शेवट लिनक्सच्या पद्धतीचे करून फाइल पुन्हा चढवली आणि पान उघडलं. त्या दिवशी कार्यालयात कुणी कुणाला भजी खाऊ घातली ते सांगत नाही.

मराठीसाठी मजकूर युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ करून जतन करायचा. फाइलचं नाव मात्र रोमन अक्षरांत ठेवावं, कारण तेच लेखाच्या पत्त्यात येतं. देवनागरी नाव दिलं तर पत्ता कुणाला पाठवताना टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. परिच्छेद वेगळे दिसायला हवे असतील तर प्रत्येकाच्या आधी कोनी कंसात इंग्रजी ‘पी’ लिहावा लागतो. एवढं एक चिन्ह शिकायला आमच्यातल्या अंगणवाडी सेविकेला पाच मिनिटं लागली.

तारखेचा घोळ वेगळा. ही आज्ञावली लेखाची तारीख म्हणून फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ घेते. मी एका जुन्या अहवालातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि तो आजची तारीख लावून सगळ्यांच्या वर येऊन बसला. फाइली एका जागेवरून दुसरीकडे नेल्या तर सगळ्यांना एकच तारीख लागू शकते. घटनेची तारीख कोर्टात महत्त्वाची असते हे आपल्याला सांगायला नको. सर्व्हरवर ‘टच’ ही आज्ञा देऊन फाइलची जुनी तारीख परत लावता येते, पण मी तर म्हणते, मजकुराच्या पहिल्या परिच्छेदातच तारीख लिहून टाकावी.

आता जे सांगायला जड जातं ते. सुरुवातीला आम्ही लेखांचा फोल्डर सर्व्हरच्या सार्वजनिक भागातच ठेवला होता. ‘टीएक्सटी’ नसलेल्या फाइली पानावर दिसत नाहीत, म्हणून कच्चे मसुदे दुसऱ्या शेपटीच्या नावाने तिथेच ठेवत होतो. एका संध्याकाळी मैत्रिणीने सहज त्या फोल्डरचा पत्ता टाइप केला, तर सगळ्या फाइलींची यादीच समोर आली. त्यात एका बाईच्या तक्रारीचा मसुदा होता, खऱ्या नावागावासह. कुणीही उघडू शकलं असतं. बलात्कारासारख्या गुन्ह्यात पीडितेची ओळख जाहीर करणं हा आधी भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७२ मध्ये आहे. पण कलमाच्या आधी ती बाई आहे, जिने आमच्यावर विश्वास टाकला होता.

कुणी पाहिलं का हे नोंदवहीवरून कळलं असतं, पण तिथे सर्व्हरच्या नोंदी थोड्याच दिवसांच्या ठेवलेल्या होत्या. तेव्हा नक्की सांगता येत नाही. आम्ही दोघी तिच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘ताई, आता नाही ना दिसत?’ आणि थोड्या वेळाने, ‘लिहा तुम्ही, पण पुढल्या वेळी कागद आधी मला वाचून दाखवा.’ तेव्हापासून लेखांचा फोल्डर सार्वजनिक भागाच्या बाहेर आहे, फोल्डरची यादी दाखवणं बंद केलं आहे, आणि खरी नावं असलेला कुठलाही कागद सर्व्हरवर चढत नाही, मसुदा म्हणूनसुद्धा नाही.

आमच्या एका ज्येष्ठ ताईंनी हे ऐकून विचारलं, ‘हे शिकून मारहाण थांबणार आहे का?’ नाही थांबणार. पण पत्रकं छापायला सायक्लोस्टाइल शिकल्या होत्या तेव्हा ताईंनी हा प्रश्न विचारला नव्हता. तरुण मुली दुसऱ्या टोकाने बोलतात. संकेतस्थळ कोण वाचतं, सगळं इन्स्टाग्रामवर टाका. टाकावं की. मोर्चाचं बोलावणं तिथेच द्यावं, लोक तिथेच आहेत. पण ती जागा दुसऱ्याची आहे. २००९ साली जिओसिटीज बंद झालं, २०१४ साली ऑर्कुट. त्यावर लिहिलेलं किती जणींनी उतरवून घेतलं? वर्डप्रेसलाही माझा विरोध नाही. ज्यांच्याकडे ते नियमाने अद्ययावत करणारी आणि डेटाबेसची प्रत काढणारी माणसं आहेत त्यांनी जरूर वापरावं. आमच्याकडे नव्हती.

ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली छापलं गेलं आणि पुढे विस्मृतीत गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं. मध्ये नव्वदवर वर्षं गेली, तरी कुठेतरी छापील प्रत टिकून होती म्हणून हे झालं. आमच्या पुसल्या गेलेल्या डेटाबेसची अशी प्रत कुणाला सापडणार नाही. आमच्याच १९९०च्या दशकातल्या अंकांच्या काही फाइली फ्लॉपीवरून सीडीवर आणि सीडीवरून पेनड्राइव्हवर आल्या आहेत, पण त्या तेव्हाच्या श्रीलिपीत आहेत. तो फाँट नसेल तर उघडल्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. त्या युनिकोडमध्ये आणून एकेक ओळ छापील अंकाशी ताडून पाहण्याचं काम दोघींनी घेतलं आहे.

भाडं आता संघटनेच्या खात्यातून जातं. पासवर्ड तिघींकडे आहे आणि एका बंद पाकिटात, कपाटात, सभासद नोंदवहीशेजारी. दर महिन्याला एकीने सगळा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घरी न्यायचा. या महिन्याची पाळी अंगणवाडी सेविकेची. काल रात्री तिचा फोन आला, ‘ताई, पोराच्या शाळेच्या फाइलीत मिसळू नये म्हणून वेगळा पेनड्राइव्ह घेतला, दोनशे ऐंशी रुपये. हिशेबात लावू ना?’