डेकवर उतरण्याची तालीम कुठे?

माजलगावपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. सिंदफणेवरील धरणाचा जलाशय हेच तालुक्यातले सर्वांत मोठे पाणी. तरीही बऱ्यापैकी संगणक आणि जॉयस्टिक हाताशी असेल, तर तेथील एखादा बारावीचा विद्यार्थी आज घरबसल्या लढाऊ विमान विमानवाहू नौकेच्या डेकवर उतरवून पाहू शकतो. फ्लाइटगिअर हा विनामूल्य मिळणारा सिम्युलेटर आहे आणि त्यात अमेरिकेची 'निमिट्झ' नौका आहे. मायक्रोसॉफ्टने आपल्या फ्लाइट सिम्युलेटरला २००७ साली दिलेल्या जोडीत एफ/ए-१८ विमान आणि नौका होती. २०२२ मध्ये 'टॉप गन : मॅव्हरिक' चित्रपटाच्या निमित्ताने ती हौस पुन्हा पुरवली गेली. डीसीएस या सिम्युलेटरमध्ये तर रशियाची 'कुझनेत्सोव्ह' नौका आणि सुखोई-३३ हे विमानही मिळते. धावपट्टीच्या टोकाशी असलेल्या चढावावरून झेप घ्यायची आणि तारांच्या आधाराने उतरायचे, ही 'कुझनेत्सोव्ह'ची पद्धत भारताच्या 'विक्रमादित्य' आणि 'विक्रांत' या दोन्ही नौकांवर आहे.

हा निव्वळ खेळ नव्हे. विमानतळावर उतरण्याची सवय असलेला खेळाडू डेकवर पहिल्यांदा उतरू पाहतो, तेव्हा तो हटकून समुद्रात तरी पडतो किंवा तारांच्या पुढे तरी निघून जातो. याचे कारण सवयीतच असते. धावपट्टीवर उतरताना वैमानिक शेवटच्या क्षणी विमानाचे नाक किंचित उचलून चाके हळुवार टेकवतो. डेकवर हे करायचे नसते. ज्या उताराने विमान येत असते, त्याच उताराने ते डेकवर आदळवायचे असते. नाक उचलले की शेपटीखालचा आकडा तारांच्या वरून निघून जाण्याचा धोका असतो. 'विक्रमादित्य'वर आणि 'विक्रांत'वर अशा तारा प्रत्येकी तीनच आहेत. ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने आलेले विमान त्यातील एका तारेने सुमारे ९० मीटरमध्ये थांबते. चाके टेकताच इंजिनाचा जोर कमी करण्याऐवजी वाढवायचा, कारण आकडा तारेत अडकला नाही तर उरलेल्या डेकवरून पुन्हा उड्डाण करावे लागते. जमिनीवर शिकलेले बरेच काही येथे उलटे होते. उतरताना उंची सांभाळायची ती थ्रॉटलने, आणि वेग सांभाळायचा तो नियंत्रणदांड्याने.

त्यातच डेकवरील उतरण्याची पट्टी जहाजाच्या अक्षाला तिरकी असते. जहाज पुढे जात राहते, तसतशी ही पट्टी वैमानिकाच्या दृष्टीने सतत उजवीकडे सरकत राहते. म्हणूनच नवख्याला डेककडे टक लावून पाहू नका, असे सांगतात. पाहायचे ते डेकच्या कडेला असलेल्या प्रकाशयंत्राकडे. आपण योग्य उतारावर आहोत, वर आहोत की खाली, हे त्या दिव्यांवरून कळते. तिरकी पट्टी आणि प्रकाशाचा हा मार्गदर्शक या दोन्ही कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश नौदलात पुढे आल्या आणि जेट विमानांच्या काळात जगभर स्वीकारल्या गेल्या. दिवे पाहणे, सुधारणा करणे, पुन्हा पाहणे हा क्रम घरच्या पडद्यावरही अंगवळणी पडू शकतो. पडद्यावर येत नाही ती गोष्ट वेगळी. तार लागल्यावर शरीराला बसणारा हिसका, लाटांवर डेकचे वरखाली होणे आणि चंद्र नसलेल्या रात्री समोर काहीच न दिसण्याची भीती खुर्चीत बसून येत नाही.

भारतीय नौदलाने या तालमीसाठी गोव्यात एक वेगळीच सोय उभारली. दाभोळी येथील 'आयएनएस हंसा' तळावर नौकेच्या डेकची नक्कल असलेली पट्टी आहे. तिच्यावर चढाव आहे आणि अटकाव करणाऱ्या ताराही आहेत. एका अर्थाने हा काँक्रीट आणि पोलादाचा सिम्युलेटरच म्हणायचा. अशा सोयीचे महत्त्व रशियाने अनुभवले आहे. त्यांची अशी पट्टी क्रिमियात साकी येथे होती. १९९१ नंतर ती युक्रेनकडे गेली आणि आपल्याच वैमानिकांच्या सरावासाठी रशियाला ती भाड्याने घ्यावी लागली. गोव्याच्या पट्टीवरून २० डिसेंबर २०१४ रोजी 'तेजस'च्या नौदल आवृत्तीने चढावावरून पहिले उड्डाण केले. वैमानिक होते कमोडोर जयदीप मावळणकर. १३ सप्टेंबर २०१९ रोजी याच पट्टीवर हे विमान प्रथमच तारेच्या आधाराने उतरले आणि चार महिन्यांनी, ११ जानेवारी २०२० रोजी, मावळणकरांनी ते 'विक्रमादित्य'वर उतरवले. आधी जमिनीवर, मग समुद्रात, हा क्रम योग्यच होता. पण दाभोळीची पट्टी हलत नाही आणि पुढेही जात नाही. उरलेले अंतर सिम्युलेटरनेच भरून काढायचे असते.

नेमके येथेच मागे घोडे अडले होते. 'मिग-२९ के' विमाने फेब्रुवारी २०१० मध्ये नौदलात दाखल झाली. जुलै २०१६ मध्ये संसदेत मांडल्या गेलेल्या कॅगच्या अहवालाने या विमानांच्या इंजिनांवर आणि सांगाड्यावर ताशेरे ओढले. उपलब्धतेचे प्रमाण १५.९३ ते ३७.६३ टक्के, हा त्यातील आकडा तेव्हा गाजला. त्याच अहवालातील दुसरा निष्कर्ष मात्र चर्चेबाहेर राहिला. या विमानांसोबतचा सिम्युलेटर जहाजावर उतरण्याच्या पात्रतेच्या सरावासाठी अयोग्य ठरला होता, कारण तशा उड्डाणाला लागणाऱ्या सुविधा त्यात नव्हत्या. ज्या कामासाठी विमान घेतले, तेच काम सिम्युलेटर शिकवू शकत नव्हता! त्यातल्या त्यात दिलासा एवढाच, की मिगची दोन आसनी आवृत्ती डेकवर उतरू शकते. अनुभवी वैमानिक सोबत बसून नवख्याला सांभाळून घेऊ शकतो.

राफेलच्या बाबतीत हा दिलासाही नाही. २८ एप्रिल २०२५ रोजी फ्रान्सशी झालेल्या करारात २६ विमाने आहेत. त्यांपैकी २२ एकआसनी 'राफेल-एम' नौकांसाठी आहेत आणि ४ दोन आसनी विमाने जमिनीवरून वापरायची आहेत. नौकेवर उतरणारे दोन आसनी राफेल अस्तित्वातच नाही. नौदलाकडील हॉक प्रशिक्षण विमानांनाही आकडा नाही. म्हणजे राफेलच्या वैमानिकाचे डेकवरचे पहिले उतरणे एकट्याचेच असणार. त्याआधी त्याला जहाजाची ओळख होईल ती दाभोळीच्या पट्टीवर आणि सिम्युलेटरमध्ये.

अमेरिकेचा दाखला येथे अनेकदा दिला जातो. उतरताना विमानाचा मार्ग संगणकाने सांभाळण्याची सोय तेथे सुपर हॉर्नेटमध्ये आली, वैमानिकाचे ओझे हलके झाले आणि शिकाऊ वैमानिकांनी टी-४५ विमानातून जहाजावर उतरलेच पाहिजे ही जुनी अट अलीकडे सोडून देण्यात आली. भारतीय वैमानिकही एकेकाळी याच टी-४५ वर अमेरिकेत शिकून आले आहेत. पण तो दाखला आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. अमेरिकेकडे मोठ्या नौका अनेक आहेत, सिम्युलेटरही मुबलक आहेत. आपल्याकडे नौका दोन. त्यांतील एक दुरुस्तीसाठी गोदीत गेली की सरावाला जागा निम्मी होते. जहाज मिळत नाही तेव्हा सिम्युलेटरवरचा भार वाढतो.

करारात प्रशिक्षण आणि सिम्युलेटर यांचा स्पष्ट उल्लेख आहे, ही चांगली बाब. विमाने २०३० पर्यंत मिळायची आहेत. वैमानिकांचे प्रशिक्षण फ्रान्समध्ये आणि भारतात होणार आहे. मात्र फ्रान्सची 'शार्ल द गॉल' ही नौका विमानाला झेपावण्यासाठी वाफेचा धक्का देते, तर 'विक्रांत'वर चढाव आहे. डेकची लांबी-रुंदी, दिव्यांची जागा आणि तारांची मांडणीही जहाजागणिक बदलते. तेव्हा भारतात बसणाऱ्या सिम्युलेटरमध्ये 'विक्रांत'चा डेक हुबेहूब असावा लागेल, तो लाटांवर हलावा लागेल आणि रात्रीचा सरावही त्यात करता आला पाहिजे. सिम्युलेटर ताब्यात घेतानाच या गोष्टी तपासता येतात. मिगच्या वेळी ही त्रुटी देशापुढे आली, तेव्हा विमाने दाखल होऊन सहा वर्षे झाली होती.