महाकालाला जाताय, नाटकही पाहून या

दिवाळीच्या फराळाचे डबे अर्ध्यावर आले की खान्देशात प्रवासाचे बेत शिजू लागतात, आणि अलीकडे त्या बेतांत उज्जैनचं नाव फार लवकर निघतं. ऑक्टोबर 2022 मध्ये ‘महाकाल लोक’ खुलं झालं तेव्हापासून तर अधिकच. धुळ्याची मंडळी आग्रा रोडने शिरपूर, पळासनेर, बिजासनचा घाट, सेंधवा असं करत खलघाटला नर्मदा ओलांडून इंदूर गाठतात. रावेर-भुसावळकडचे लोक बऱ्हाणपूर-खंडव्यावरून, वाटेत ओंकारेश्वर उरकून येतात. पुढचा कार्यक्रम बहुतेक सगळ्यांचा सारखाच असतो: महाकाल, हरसिद्धी, कालभैरव, क्षिप्रेचा घाट आणि परतीच्या वाटेवर इंदूरच्या सराफ्यात रात्री उशिरापर्यंत खाणं. या यादीत काहीच वाईट नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की कार्तिकात उज्जैनला जाणाऱ्या कुटुंबाने तिथली एक संध्याकाळ संस्कृत नाटकासाठी राखून ठेवावी, आणि ती मुलांसकट राखावी. दर्शनातून वेळ उरला तर बघू, अशा बेताने ती कधीच मिळत नाही. निघण्याआधीच ती ठरलेली हवी.

कार्तिकातच का, तर अखिल भारतीय कालिदास समारोह तेव्हा भरतो म्हणून. पंडित सूर्यनारायण व्यास यांच्या खटपटीतून 1958 मध्ये सुरू झालेला हा उत्सव कार्तिक शुद्ध एकादशीला, म्हणजे प्रबोधिनीला सुरू होतो आणि साधारण आठवडाभर चालतो. संध्याकाळी नाटकं आणि शास्त्रीय नृत्य, दिवसा विद्वानांची व्याख्यानं. लक्ष्मीपूजनानंतर अकरा दिवसांनी येणारी ही तिथी आपल्याकडच्या दिवाळीच्या सुट्टीच्या शेपटाला लागून असते. काही वर्षी शाळा सुरूही झालेल्या असतात, पण तेव्हा शनिवार-रविवार आहेच. आणि उज्जैन आपल्याला परकं नाही. महाकालाचं आजचं मंदिर उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी. दौलतरावांनी ग्वाल्हेरला बस्तान हलवेपर्यंत शिंद्यांची गादी याच गावात होती. कालिदासाशी आपलं नातं तर आणखी घरगुती आहे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी मराठी संगीत रंगभूमीचा नारळ फोडला तो ‘शाकुंतल’च्या मराठी अवताराने. पुढे 1905 मध्ये किर्लोस्कर मंडळीत दाखल झालेल्या नारायण राजहंस नावाच्या मुलाला पहिली भूमिका मिळाली ती शकुंतलेची. या मुलाचं गाण्याचं सुरुवातीचं शिक्षण झालं होतं जळगावात, मेहबूबखाँ यांच्याकडे. लोक त्याला बालगंधर्व म्हणून ओळखतात. म्हणजे जळगावच्या माणसाने उज्जैनला जाऊन शकुंतला पाहणं हे काही दूरच्या संस्कृतीचं पर्यटन नव्हे. ती आपल्याच घराच्या मागच्या अंगणात एक चक्कर आहे.

यावर पहिला आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांकडून येईल: आपण देवाला निघालोय, नाटकाला नाही. हा आक्षेप मनापासूनचा असतो, म्हणून त्याला थट्टेने उडवून लावू नये. पण त्याचं उत्तर उज्जैनच्याच कवीकडे आहे. ‘मेघदूता’तला यक्ष ढगाला उत्तरेची वाट सांगताना उज्जयिनीपाशी थांबतो आणि म्हणतो, तुझी वाट थोडी वाकडी होईल, तरी या नगरीत जाच, आणि महाकालाशी पोहोचलास तर संध्याकाळपर्यंत थांब. का थांबायचं? सायंपूजेच्या वेळी ढगाने आपल्या गडगडाटाने नगाऱ्याचं काम करावं, आणि तिथे चालणारं नृत्य पाहावं. देऊळ आणि कला ही एकाच संध्याकाळची दोन अंगं आहेत, हे कालिदासाने इतकं सहज धरलं आहे की त्याला त्याचं समर्थनही करावंसं वाटलं नाही. ‘शाकुंतला’ची नांदी शिवाच्या आठ रूपांना वंदन करते. आणि हे सगळं पोथीतलं म्हणून बाजूला ठेवलं, तरी खान्देशातली जत्रा काय सांगते? दिवसा देवाला नारळ, रात्री तमाशाचा फड. गावच्या जत्रेला जाणाऱ्या आजीला देव आणि खेळ यांत भांडण कधी दिसलं नाही. ते भांडण आपण शहरात राहायला आल्यावर उकरून काढलं.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. मुलांना संस्कृत कळत नाही, मोठ्यांनाही शाळेत मार्कांपुरतं आलं, मग दोन तास तिथे बसून करायचं काय? इथे केरळच्या सहलीकडे पाहावं. जळगाव-धुळ्याहून केरळला जाणाऱ्या कुटुंबांच्या सहलीत कोचीला तास-दीड तासाचा कथकलीचा खेळ असतो, त्याआधी नटांची रंगभूषाही समोर बसून पाहता येते. कथकलीची पदं संस्कृतप्रचुर मल्याळममध्ये असतात. त्यातला एक शब्दही न कळता पोरं हिरव्या तोंडाचा नायक आणि दाढीवाला खलनायक ओळखतात, त्यांच्या भुवयांची नक्कल करत हॉटेलवर परततात. तिथे भाषेची तक्रार कुणी करत नाही, कारण सहल कंपनीने तो खेळ कार्यक्रमात आधीच लिहिलेला असतो. उज्जैनला तो कुणी लिहिलेला नाही, एवढाच फरक. कोचीतला खेळ पर्यटकांसाठी कापून छोटा केलेला असतो, ही टीका खरी आहे. पण उज्जैनच्या मंचावर येणारं नाटक पर्यटकांसाठी बसवलेलं नसतं, तेव्हा तिथे ती लागू होत नाही.

खरं तर संस्कृत नाटकाची बांधणीच अशी आहे की भाषा न कळणाऱ्याचीही त्यात सोय आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले, त्यांत शब्दांचा वाचिक हा फक्त एक. अंगाचा, वेशभूषेचा आणि मनोभावांचा असे उरलेले तीन डोळ्यांनी कळतात. कालिदासाच्या काळीही मंचावरचे सगळे संस्कृत बोलत नसत. राजा आणि ऋषी बोलत; शकुंतला, तिच्या सख्या, विदूषक हे प्राकृतात बोलत, आणि स्त्रियांच्या गीतांसाठी संकेताने ठरलेली प्राकृत होती ती महाराष्ट्री. तेव्हाचा प्रेक्षकही सगळा पंडितांचा नसणार, हे त्यातून दिसतं. आजच्या प्रेक्षकाला कथा आधी माहीत असली की झालं, आणि ती सांगायला गाडीतले पाच-सहा तास आहेत. सेंधव्याच्या घाटात ट्रकांच्या रांगेत अडकलात तर उलट बरंच.

मुलांना कंटाळा येईल असं धरून चालणाऱ्यांनी ‘शाकुंतल’ पुन्हा एकदा नजरेखालून घालावं. पहिल्या अंकात दुष्यंत रथातून हरणाचा पाठलाग करतो. मंचावर रथ नसतो, घोडे नसतात, हरीणही बहुधा नसतं. वेग नटाच्या अंगात असतो. शकुंतला झाडांना पाणी घालते ते न दिसणारं पाणी असतं, आणि तिला छळणारा भुंगाही फक्त तिच्या मानेच्या झटक्यात आणि डोळ्यांच्या फिरण्यात असतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे न समजण्याचं काही कारण नाही. खुर्च्या जोडून आगगाडी करण्याचं वय अजून फार मागे गेलेलं नसतं. सहाव्या अंकाच्या सुरुवातीला कोळी आणि शिपाई येतात. माशाच्या पोटात राजाची अंगठी सापडली म्हणून शिपाई त्या गरिबाला चोर ठरवून दरडावतात, आणि राजाकडून बक्षीस आल्यावर तेच शिपाई त्याचे जिवलग मित्र होऊन त्याच्या पैशाने दारू प्यायला निघतात. या प्रवेशाला हसू न येणारं मूल, आणि त्यातला पोलीस न ओळखणारा बाप, दोन्ही दुर्मीळ. शेवटच्या अंकात सिंहाच्या छाव्याचं तोंड उघडून त्याचे दात मोजायला निघालेला एक हट्टी पोरगा आहे. ‘मृच्छकटिक’ मिळालं तर आणखी चांगलं. ते उज्जैनच्याच गल्ल्यांत घडतं, सोन्याची गाडी हवी म्हणून रडणाऱ्या मुलाच्या मातीच्या गाडीवरून त्याचं नाव पडलं आहे, आणि त्यातला शर्विलक नावाचा चोर भिंतीला भोक पाडण्याआधी ते कोणत्या आकाराचं शोभेल याचा गंभीरपणे विचार करतो. दिवसा ज्या गावात फिरलो त्याच गावची गोष्ट रात्री मंचावर पाहायला मिळणं, हा योग प्रवासातच जुळतो. घरच्या सोफ्यावर नाही.

सोफ्याचा विषय निघालाच आहे तर तिसरा आक्षेप: हे सगळं मोबाइलवर फुकट मिळतं. मिळतं, आणि पाहावंही. पण पडद्यावर कुठे पाहायचं हे कॅमेरा ठरवतो. नाटकात ते पाहणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि दोन भावंडांनी दोन वेगवेगळ्या पात्रांकडे पाहिलं तर परतताना गाडीत भांडायला विषय मिळतो. नाट्यशास्त्राने माणसांसाठीचं नाट्यगृह 64 हात लांब आणि 32 हात रुंद असावं असं सांगितलं, त्याहून मोठं झालं तर आवाज विरतो आणि चेहऱ्यावरचे भाव दिसेनासे होतात म्हणून. नटाचा चेहरा आणि प्रेक्षकाचे डोळे यांतलं अंतर मोजणारी ही जुनी दृष्टी लक्षात ठेवून पुढच्या रांगांत जागा धरा.

यापुढचा आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. संस्कृत नाटक ही मूठभरांची मिरासदारी होती. खान्देशातल्या शेतकऱ्याच्या, कामगाराच्या मुलांना त्याच्या पायाशी का बसवायचं, आपला तमाशा आहे, वहीगायन आहे, ते दाखवा. यात तथ्य आहे. केरळातलं कूडियाट्टम, जिथे भासाची नाटकं शतकानुशतकं जिवंत राहिली, ते देवळातल्या कूत्तंबलम या नाट्यगृहात, ठरावीक घराण्यांतल्या नटांकडून आणि ठरावीक प्रेक्षकांपुरतंच चालत असे. 1949 मध्ये पैंकुळम राम चाक्यार यांनी स्वतःच्या समाजाचा रोष पत्करून ते देवळाबाहेर आणलं, 1965 पासून केरळ कलामंडलममध्ये ते इतरांनाही शिकवलं जाऊ लागलं, आणि 2001 मध्ये युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून त्याची दखल घेतली. दार असं उघडलं. पण उघडलेल्या दारातून आपणच आत गेलो नाही, तर मिरासदारी आहे तशीच राहते, फक्त पाटी बदलते. संस्कृत नाटकाच्या प्रेक्षागृहात कोण बसतं, यावर ते कुणाचं हे ठरणार आहे. आणि तमाशा की शाकुंतल, असा कौल कुणी मागितलेलाही नाही. गण झाल्यावर सोंगाड्याची टर ज्याने पाहिली आहे, त्याला नांदीनंतरचा सूत्रधार आणि खादाड विदूषक चटकन ओळखीचे वाटतील, बहुधा संस्कृतच्या पदवीधरापेक्षाही लवकर. मुलांना उज्जैनला नाटक दाखवून गावच्या जत्रेतल्या तमाशाला नाक मुरडणाऱ्या पालकाची बाजू मी घेणार नाही.

आणखी एक टोमणा ठरलेला आहे: जळगावच्या संभाजीराजे नाट्यगृहात किंवा धुळ्याच्या राजर्षी शाहू नाट्यमंदिरात जे कधी जात नाहीत, त्यांनी उज्जैनला जाऊन नाटक पाहायचं? हो, त्यांनीच. गावी संध्याकाळ आपल्या हातात नसते. दुकान, क्लास, गृहपाठ, कुणाचं लग्न, पाहुणे यांत ती जाते, आणि घरातले चौघे एका वेळी मोकळे सापडत नाहीत. प्रवासात ते सापडतात. चौघांना एकाच खोलीत, एकाच गाडीत राहावं लागतं. तिथे एकदा नाटक पाहायची सवय लागली की हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावरचे प्रयोग किंवा जानेवारीतला बालगंधर्व संगीत महोत्सव हे वर्तमानपत्रातले दोन कॉलमचे मथळे राहत नाहीत. उज्जैनहून आलेल्या मुलाला नाट्यपद कानावर पडल्यावर हे कुठून आलं ते माहीत असतं.

अडचणी आहेतच. भस्म आरती पहाटे चारच्या सुमारास असते आणि तिची नोंदणी आधीपासून करावी लागते. तिच्या आदल्या रात्री नाटक ठेवलं तर मुलं एकीकडे झोपतील किंवा दुसरीकडे. म्हणून दोन मुक्काम करावेत, किंवा दोनपैकी एक निवडावं. उद्घाटनाचा दिवस शक्यतो टाळावा, सरकारी समारंभातली भाषणं कोणत्याही राज्यात लांबतात. रोजच नाटक असेल असं नाही, एखाद्या संध्याकाळी फक्त नृत्य असतं, तेव्हा त्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका पाहूनच तारीख ठरवावी. एखादा प्रयोग फसलेलाही निघेल. मध्यंतराला उठून गेलात तरी कालिदास रागावणार नाही. वेळेचं म्हणाल, तर सराफ्यात गराडू आणि भुट्ट्याच्या किसासाठी रात्री अकरापर्यंत जागायची ज्यांची तयारी असते, त्यांच्याकडे संध्याकाळ नसते हे कुणी मानणार नाही.

उरतात धुळे आणि जळगावहून ‘महाकाल-ओंकारेश्वर’च्या बस काढणारे यात्रावाले. प्रबोधिनी एकादशी कधी आहे हे पंचांगात वर्षभर आधी छापलेलं असतं. त्या आठवड्यातल्या एका बसच्या पत्रकात कालभैरवाच्या खाली ‘सायंकाळी कालिदास समारोह’ अशी एक ओळ घालायला त्यांना डिझेल जास्त लागणार नाही. त्यांनी ती घातली नाही, तर जागा आरक्षित करताना प्रवाशांनी विचारायला हवं.