कातडीचं सोवळं

१९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं, अस्पृश्य म्हणून ओळखू येणारे चांदी-कथलाचे दागिने टाका. अंगावरची खूण उतरवता आली. कातडी कशी उतरवणार?

'फेअर अँड लव्हली'नं १९७५ पासून हेच दुकान मांडलं. २०२० साली 'फेअर' पुसून 'ग्लो' लिहिलं. नजर तीच. वर्ण म्हणजे रंग, वर्ण म्हणजे जात. भाषेनंच बिंग फोडलंय.

अन् आपण? सभेत मनूला शिव्या, घरी 'पोरगी गोरीच पाहिजे'! उन्हात राबणाऱ्या आईचा रंग बायकोत का चालत नाही? सावळी पोर तोंडाला मलम फासते, फोटोला मागं सरते. ही लाज तिला आपणच शिकवली. परिचयपत्रात 'गोरी' लिहिणं आजपासून बंद करा. नाहीतर जयभीम म्हणू नका.