शेजारी पाणी, आपल्याकडे भुकटी!

दोस्तांनो, उन्हाळा आला की लातूर-नांदेडच्या गल्ल्यांत बोअरची गाडी धडधडू लागते. शेजारच्या काकांच्या अंगणात दीडशे फुटांवर पाणी लागतं आणि आपल्याकडे चारशे फूट गेलं तरी नुसती भुकटी उडते. पैसे जातात ते जातातच, वर आई म्हणते, “आपलं नशीबच फुटकं!” खरंच नशीब की आणखी काही?

नशीब नव्हे, दगड! जमिनीखाली नद्या वाहतात असं पुष्कळांना वाटतं. आपल्याकडे तसं नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. अशा थरांवर थर चढून आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, तयार झाला. तो किती जाड? १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. तिथे बेसॉल्ट ३३८ मीटर, म्हणजे सुमारे अकराशे फूट जाड निघाला!

अखंड पाषाणात पाणी शिरत नाही. ते राहतं वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. थराच्या माथ्याला बुडबुड्यांची भोकं असलेला मांजऱ्या दगड असतो. पण ती भोकं एकमेकांना जोडलेली नसली, किंवा पांढऱ्या खनिजांनी बुजलेली असली, तर तोही कोरडाच. त्यात बोअर जेमतेम सहा-साडेसहा इंचांचा. भेग सापडली तर पाणी, चार हात बाजूला गेला तर भुकटी!

नांदेड जिल्ह्याचा बराच भाग असाच आहे. पण देगलूर-बिलोलीकडे गेलात तर गुलाबी-करडे धोंडे दिसतील. तो ग्रॅनाइट, बेसॉल्टपेक्षा कितीतरी जुना. तिथे लाव्हाचे थर नाहीत. पाणी फक्त वरच्या झिजलेल्या भागात आणि खालच्या भेगांत.

मग आणखी खोल जावं का? खोलवर वरच्या दगडाच्या भाराने भेगा बहुधा मिटत जातात. शिवाय भेगेतलं पाणी शेवटी पावसाचंच. दहा घरांचे बोअर एकाच भेगेवर म्हणजे एका पेल्यात दहा नळ्या! २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं, बोअरही आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत होतं ५ लाख लिटर.

आता एक हिशेब. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळतं. समजा, छत ५० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर. किती झालं? ३५,००० लिटर! त्यातलं बरंचसं गटारात जातं. तेच खडी-वाळूतून गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडलं तर भेगा पुन्हा भरू लागतील. मोरीचं पाणी मात्र चुकूनही सोडायचं नाही.

करून पाहा : गल्लीत बोअरची गाडी आली की लांब उभे राहून वहीत टिपा. किती फुटांवर भुकटीचा रंग बदलला? ओल कुठे लागली? पुढचा बोअर घेणाऱ्याला ही वही दाखवा. आणि कोरडा गेलेला बोअर उघडा दिसला तर लगेच मोठ्यांना सांगून त्यावर घट्ट झाकण बसवून घ्या. लहान मुलं त्यात पडतात!