पोत्याचा कायदा

दसरा-दिवाळीला साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की बारदानाची शोधाशोध सुरू होते. हावड्यापासून हुगळीच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या तागगिरण्यांशी आपल्या साखरेचे नाते आहे ते सक्तीचे. १९८७च्या कायद्याखाली धान्य सगळे आणि साखर २० टक्के तागाच्या पोत्यांतच भरायची, असा दंडक गेली अनेक वर्षे निघतो. कारखानदार कुरकुरतात. प्लास्टिकचे पोते स्वस्त पडते, शिवाय तागाची कुसे साखरेत उतरतात ती वेगळीच. हा जादा खर्च शेवटी उसाच्या दरातून किंवा गिऱ्हाइकाच्या खिशातून निघतो.

बर्नमधली नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आलेले शरद जोशी अशा सक्तीवर आयुष्यभर तुटून पडले. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही त्यांच्या शेतकरी संघटनेची घोषणा. तीमागचे अर्थशास्त्र सरळ होते: सरकारने उपकार करू नयेत, वाटेतून बाजूला व्हावे. अर्थात १९८५च्या वस्त्रधोरणावर चिडून याच संघटनेने कृत्रिम धाग्याच्या कपड्यांच्या होळ्या केल्या. कापूसवाल्याचे पोट तत्त्वाला पुरून उरते!

आम्ही जोशींच्या मागे जातो, पण शेवटपर्यंत नाही. दुष्काळात, शाळेत, दवाखान्यात सरकार हवेच. एकाने दुसऱ्याचा माल घेतलाच पाहिजे, हे मात्र त्याने ठरवू नये.

आणि हावड्याला हे ऐकवण्याआधी महाराष्ट्राने स्वतःचा हिशेब पाहावा. पन्नाशीच्या दशकापासून नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत रेल्वेभाड्याच्या समानीकरणामुळे पोलाद देशभर एकाच भावाने मिळे. खाणी आणि भट्ट्या पूर्वेला. जवळ असण्याचा फायदा हावड्याच्या बेलिलियस रोडवरच्या लेथवाल्यांना आणि ओतकाम करणाऱ्यांना राहिला नाही. मुंबई-पुण्याच्या कारखान्यांनी तो भाव मुकाट्याने घेतला. तेव्हा आपल्याकडच्या कोणाला दिल्लीची ढवळाढवळ खुपल्याचे ऐकिवात नाही. भाडे त्यांनी सोसले, पोते आपण सोसतो. दोन्ही हिशेब दिल्लीच्या वहीत, आणि दोन्ही झाकलेले.

तागगिरणीतल्या कामगाराला आणि ताग पिकवणाऱ्याला आधार द्यायचाच असेल तर तो अर्थसंकल्पात रोख रकमेने, खात्यावर, मुदत घालून द्यावा. आकडा छापून आला की त्यावर सभागृहात भांडता येते. साखरेच्या भावात दडवलेल्या आकड्यावर कोण भांडणार? गिरण्यांनाही मग पोत्यापलीकडे काही विणायची निकड वाटेल. आज सरकारी मागणी ठरलेली आहे आणि गिऱ्हाईक पळून जाणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.