बाहुला तोच, भय कुठे गेले?

खुनी बाहुल्याच्या चित्रपटाचा पुढचा भाग पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांच्या तोंडी बहुधा एकच वाक्य असते: पहिल्याची सर नाही. वाक्य मोघम आहे आणि समीक्षकही ते फारसे मनावर घेत नाहीत. आधीच भयपट, त्यातून हातात सुरी घेतलेले खेळणे. त्याचा काय म्हणून गंभीरपणे विचार करायचा, असा त्यांचा एकंदर सूर असतो. प्रेक्षकाला मात्र आपली फसवणूक झाली असे वाटत असते आणि ती नेमकी कुठे झाली हे त्याला सांगता येत नसते. रक्त पहिल्यापेक्षा जास्त सांडलेले असते, बाहुल्याच्या चेहऱ्याच्या हालचाली अधिक सफाईदार झालेल्या असतात, मुडदेही जास्त पडलेले असतात. मग कमी काय पडले?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर १९९१ साली आलेल्या ‘चाइल्ड्स प्ले ३’ इतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. परंतु त्याआधी पहिला भाग काय होता, हे आठवावे लागेल.

१९८० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील खेळण्यांच्या धंद्याने एक वेगळेच वळण घेतले. १९८३ च्या नाताळात ‘कॅबेज पॅच किड्स’ या बाहुल्या मिळवण्यासाठी दुकानांतून आईबापांची अक्षरशः हाणामारी झाली. पुढच्याच वर्षी तेथील दूरसंचार आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींवरच्या वेळेच्या मर्यादा उठवल्या. खेळणे आधी आणि त्याची कार्टून मालिका मागाहून, असा उलटा व्यवहार सुरू झाला. त्याच सुमारास लॉस एंजेलिस येथे विद्यापीठात शिकणाऱ्या डॉन मॅन्सिनी या तरुणाने एक पटकथा लिहिली. त्याचे वडील जाहिरात व्यवसायातले होते. मुलांना वस्तू कशी विकली जाते, हे त्याने घरातच पाहिले होते. त्या पटकथेवरून टॉम हॉलंड या दिग्दर्शकाने १९८८ साली ‘चाइल्ड्स प्ले’ काढला.

शिकागोत राहणारी एक विधवा स्त्री आहे, दुकानात नोकरी करणारी. तिचा सहा वर्षांचा मुलगा अँडी वाढदिवसाला ‘गुड गाय’ बाहुला हवा म्हणून हट्ट धरतो. दूरदर्शन संचावर त्याची जाहिरात, अंगात त्याच्यासारखेच कपडे, न्याहारीला त्याच्याच नावाचे खाद्य. दुकानातल्या किमतीला तो परवडत नाही, म्हणून आई गल्लीतल्या फेरीवाल्याकडून स्वस्तात घेते. त्या बाहुल्यात पोलिसांच्या गोळीने मेलेल्या एका खुन्याचा आत्मा शिरलेला आहे. हे आपल्याला ठाऊक असते, आईला नसते. मुलाला सांभाळायला आलेली तिची मैत्रीण खिडकीतून खाली पडून मरते. ओट्यावर सांडलेल्या पिठात छोट्या बुटांचे ठसे उमटलेले असतात आणि तसलेच बूट अँडीच्या पायात असतात. ‘हे चकीने केले’ असे तो सांगतो. कोण ऐकणार? त्याची रवानगी शेवटी मनोरुग्णालयात होते.

आणि मग तो प्रसंग येतो. आई बाहुल्याला हाताळून पाहते, तो नेहमीचीच गोड वाक्ये बोलतो. ती रिकामा खोका उचलते आणि त्यातून सेल खाली पडतात. म्हणजे सेल बाहुल्यात कधी घातलेच नव्हते. तो इतके दिवस सेलशिवाय बोलत होता! ती हळूहळू त्याला पालथा करते, पाठीवरचे झाकण उघडते, आत काहीच नाही. संपूर्ण चित्रपटमालिकेत यापेक्षा भीतिदायक काही नाही, असे माझे मत आहे. या क्षणी पडद्यावर रक्ताचा थेंब नाही. आहे ती एक आई आणि तिच्या ध्यानात येणारी एकच गोष्ट: पोरगा खरे बोलत होता.

बाहुलीच्या भयाचे मूळ याच ठिकाणी आहे. १९०६ साली एर्न्स्ट येंच या जर्मन मानसशास्त्रज्ञाने असे मांडले होते की, समोरची वस्तू सजीव की निर्जीव याबद्दल मनात संशय उत्पन्न झाला, की एक विचित्र अस्वस्थता येते. १९१९ मध्ये फ्रॉइडने याच विषयावर निबंध लिहिला तेव्हा त्याला एक मार्मिक मुरड घातली. मुलांना बाहुली जिवंत होण्याची भीती वाटत नाही, उलट तशी त्यांची इच्छाच असते, हे त्याने नोंदवले. मॅन्सिनीने फ्रॉइड वाचला होता की नाही, कोण जाणे. परंतु ‘चाइल्ड्स प्ले’ उभा आहे तो या दोन गोष्टींच्या सांध्यावर. एकट्या मुलाची इच्छा पुरी होते, त्याचा बाहुला खरोखरच बोलू लागतो. तो जिवंत नसेल, असा भरवसा थोरांना असतो. पोर आणि थोर यांच्या मधल्या त्या फटीतून भय आत येते.

आता पुढच्या भागाची अडचण पाहा. पुढचा भाग काढायचा म्हणजे प्रेक्षकाला सारे माहीत आहे, असे धरून चालावे लागते. सेल नाहीत हे आता कुणापासून लपवायचे? १९९० साली दुसरा भाग आला तेव्हा निर्मात्यांना थोडी तरी जाण होती. आई मनोरुग्णालयात, अँडी दुसऱ्याच कुटुंबात सांभाळायला दिलेला. तिथले पालक त्याच्याकडे संशयाने बघतात. म्हणजे न ऐकले जाणारे पोर कथेच्या मध्यभागी टिकून होते. खेळण्यांच्या कारखान्यातला शेवटही जमला होता. चित्रपट चालला, म्हणून लगोलग तिसरा.

लगोलग म्हणजे किती? दुसरा भाग नोव्हेंबर १९९० मध्ये लागला, तिसरा ऑगस्ट १९९१ च्या अखेरीस. अवघे नऊ महिने! दुसरा पडद्यावर येण्याआधीच तिसऱ्याचे लेखन सुरू करावे लागले आणि आपल्याकडच्या कल्पना तेव्हा आटल्या होत्या, हे पुढे मॅन्सिनीनेच मुलाखतींत सांगितले आहे. आपल्या मालिकेतला हा भाग त्याला सर्वांत नावडता. लेखकालाच जे नको होते, ते प्रेक्षकाच्या गळ्यात मारले गेले.

तिसऱ्या भागात अँडी सोळा वर्षांचा आहे आणि लष्करी शाळेत शिकतो. इथेच निम्मा डाव हरला. सोळा वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या मुलाने दोन-अडीच फुटी बाहुल्याला भ्यायचे, तर त्याला बळेच दुबळा करावे लागते. आवारात बंदुका आहेत, कवायत आहे, दरडावणारे अधिकारी आहेत. दहशत म्हणून जी काही असायची ती शाळेतच इतकी भरलेली, की बाहुल्याने वेगळे करायचे काय? तो न्हाव्याचा गळा चिरतो, कृत्रिम युद्धसरावातल्या रंगाच्या गोळ्यांच्या जागी खऱ्या गोळ्या घालतो, शाळेचा कर्नल त्याला नुसता पाहूनच हृदयविकाराने मरतो. (कर्नलसाहेबांइतका धक्का प्रेक्षागृहात कुणालाच बसला नसावा.) शेवट जत्रेतल्या भुताटकीच्या गुहेत होतो. ज्या गुहेत लोक तिकीट काढून खोटे खोटे घाबरायला जातात, तीच जागा या चित्रपटाने शेवटासाठी निवडावी, हे नकळत घडलेले आत्मपरीक्षणच म्हणायचे.

आणि तरीही मला या चित्रपटाचा राग येतो तो याहून निराळ्या कारणाने. त्याच्या हातात एक कथा होती. त्या शाळेत टायलर नावाचा एक लहानगा मुलगा आहे. अँडीच्या नावे टपालाने आलेले खोके तोच उघडतो आणि त्याला चकी सापडतो. नवे शरीर मिळाल्यामुळे चकीला आता नवा मुलगा चालणार आहे. ज्याला तो आपले खरे नाव प्रथम सांगतो, त्याच्याच शरीरात त्याला शिरता येते. टायलर एकटा आहे. हा बाहुला आपला दोस्त आहे, असे त्याला मनापासून वाटते. खेळण्याचे वय असताना ज्याला कवायतीला उभे केले आहे, अशा पोराला एक जिवंत सवंगडी मिळतो आणि तो खुनी निघतो! यात अख्खा चित्रपट होता. दिग्दर्शकाने मात्र टायलरला केवळ धावायला आणि लपायला ठेवले आहे. कॅमेरा त्याच्याकडे क्षणभर वळतो आणि लगेच चकीच्या पुढच्या चावट वाक्यासाठी माघारी फिरतो.

कारण तोवर चकी नट झाला होता. ब्रॅड डूरिफचा आवाज अप्रतिम आहे, याबद्दल वाद नाही. पण पहिल्या भागात तो आवाज दडवलेला होता आणि म्हणून झोंबत होता. आता तो येता-जाता विनोद करतो. निर्मात्यांचा हिशेब सरळ असतो: लोक बाहुल्यासाठी पैसे मोजतात, तर बाहुला जास्त दाखवा. आकडे या हिशेबाला दुजोरा देत नाहीत. अमेरिकेत पहिल्या भागाने सुमारे ३.३ कोटी डॉलर मिळवले, दुसऱ्याने २.८ कोटी, तिसऱ्याने १.५ कोटी. त्यानंतर सात वर्षे चकी गप्प होता.

हा जुना किस्सा म्हणून सोडून देता आला असता, पण २०२५ च्या जूनमध्ये तोच प्रयोग नव्याने झाला. ‘मेगन’ या पहिल्या चित्रपटात आईबाप अपघातात गमावलेली केडी नावाची मुलगी होती आणि तिला वेळ देण्याऐवजी यंत्रबाहुली बनवून देणारी मावशी होती. सव्वा कोटी डॉलरच्या आत तयार झालेल्या त्या चित्रपटाने जगभरात सुमारे १८ कोटी मिळवले. दुसऱ्या भागात मेगनच नायिका झाली, लष्करी यंत्रमानवाशी तिची हाणामारी लावली गेली आणि भयपटाचा साहसपट झाला. कमाई ४ कोटींच्याही आत. मेगनचे काहीही करता येईल, ती सुपरमॅनसारखी आहे, असे आम्हाला वाटले होते, अशी कबुली निर्माता जेसन ब्लमने त्यानंतर दिली. पोरकी केडी दुसऱ्या भागातही आहे. तिच्या एकटेपणाचे कुणाला काही पडलेले नाही, इतकेच.

आपल्याकडे महेश कोठारे यांनी १९९३ साली ‘झपाटलेला’ काढला, तो ‘चाइल्ड्स प्ले’च्याच कल्पनेवर बेतलेला होता. त्याला उसनवारी म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी एक गोष्ट पाहिली नाही. रामदास पाध्ये यांनी घडवलेला आणि दिलीप प्रभावळकरांच्या आवाजात बोलणारा तात्या विंचू जितका महत्त्वाचा, तितकाच त्याच्यासमोर थरथरणारा लक्ष्मीकांत बेर्डे महत्त्वाचा होता. लक्ष्या वयाने वाढलेला, पण मनाने पोर. तो घाबरायचा आणि आपण हसत हसत घाबरायचो. २००४ मध्ये लक्ष्मीकांत गेले. २०१३ साली ‘झपाटलेला २’ त्रिमितीत आला. चष्मा लावून पाहिला, तात्या विंचू अंगावर आला, मुले ओरडली. पण घाबरणारा माणूस गेल्यावर घाबरवणाऱ्याने एकट्याने काय करायचे?

पुढचा भाग फसलाच पाहिजे, असा नियम मात्र नाही. १९९८ साली ‘ब्राइड ऑफ चकी’ने भयाचा आव सोडला आणि उघड विनोदी चित्रपट केला, त्यात निदान लबाडी नव्हती आणि तो चाललाही. २०१७ चा ‘अ‍ॅनाबेल: क्रिएशन’ तर २०१४ च्या ‘अ‍ॅनाबेल’पेक्षा सरस ठरला. पोलिओने पायात आधारपट्टी बांधलेली एक अनाथ मुलगी, जिन्यावरून सावकाश सरकणारी खुर्ची, आणि जागची न हलणारी बाहुली. बाहुली हलत नाही म्हणूनच आपली नजर तिच्यावरून हलत नाही.

मॅन्सिनीलाही पुढे हे उमगले असावे. त्याने स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘कल्ट ऑफ चकी’मध्ये, २०१७ साली, अँडी परत आला; लहानपणी ती भूमिका करणारा अ‍ॅलेक्स व्हिन्सेंटच, आता प्रौढ झालेला. चित्रपटाच्या सुरुवातीला तो एका तरुणीबरोबर जेवायला गेला आहे. तिने त्याच्याविषयी कुठेतरी वाचलेले असते, लहानपणीच्या त्या खुनांविषयी, बाहुल्याविषयी. ती अवघडते आणि उठून निघून जाते. अँडी एकटाच घरी येतो, तिजोरी उघडतो. आत चकीचे तुटलेले मुंडके आहे, डोळे उघडे, बोलणारे.