जुन्या रेकॉर्डचा भाव आवाजावर ठरावा

मुंबईच्या चोर बाजारात, विशेषतः मटन स्ट्रीटवर, जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या रेकॉर्ड्सचा धंदा आजही चालतो. अलीकडे तरुण शौकीनही या मालाकडे वळले आहेत. मात्र अनेक दुकानांत भाव सांगितला जातो तो कव्हर आणि चकाकी पाहून. ही पद्धत आम्हांस धंद्याच्या मुळावर येणारी वाटते. गिऱ्हाईक रेकॉर्ड ऐकण्यासाठी घेते.

चकचकीत रेकॉर्डही निकामी असू शकते. झिजलेल्या सुईने वारंवार वाजवल्यास तिच्या खाचा कुरतडल्या जातात आणि रफीसाहेबांचा चढा सूर फाटका ऐकू येतो. ही झीज धुऊन जात नाही. उलट, धुळीने खरखरणारी रेकॉर्ड नीट साफ केल्यावर सुरेल वाजू शकते. हा फरक कानालाच कळतो.

'स्टिरिओ' या शब्दालाही भुलू नये. १९५० आणि १९६० च्या दशकांतील बहुतेक हिंदी चित्रपटगीते मोनो पद्धतीने ध्वनिमुद्रित झाली. मोनोवरून कृत्रिम स्टिरिओ केलेल्या आवृत्तीपेक्षा मूळ मोनो प्रत अनेकदा अधिक भरदार वाजते.

माल हाताळतानाही जाण हवी. ७८ फेऱ्यांची जुनी रेकॉर्ड लाखेची असते. तिला स्पिरिट लावल्यास लाख विरघळते आणि माल कायमचा जातो. तिच्या रुंद खाचेला सुईही जाड लागते, एल.पी.ची बारीक सुई तिथे चालत नाही. एल.पी. शुद्ध पाण्याने, मऊ कपड्याने, खाचांच्या दिशेने पुसावी. रेकॉर्ड्स उभ्या ठेवाव्यात. उन्हात त्या वाकतात.

घाऊक ढिगातली प्रत्येक रेकॉर्ड वाजवायला वेळ कुठे, असे व्यापारी बांधव म्हणतील. निदान महाग प्रती तरी वाजवून पाहाव्यात. पाकिटावर चिठ्ठी लावावी: मोनो की स्टिरिओ, जुनी छपाई की नवी, कोणत्या गाण्यावर सुई अडकते. मालातील ऐब लपवू नये, ही तर आपल्या दीनची शिकवण. ऐब सांगितल्यास चार पैसे कमी मिळतील, पण गिऱ्हाईक पुन्हा येईल आणि सोबत आणखी दोघांना आणील. जुन्या मालाच्या धंद्यात याहून मोठे भांडवल नाही.